हिरवी फाक

कॉलेजच्या दाराशी लावलेल्या फ्लेक्सवर एक मोठं रंगीत वर्तुळ होतं आणि त्यातली हिरवी फाक म्हणजे मी होते. शेजारी लिहिलेलं, ‘इतर राज्यांतील विद्यार्थी’. त्या वर्षी पहिल्या वर्षाला आलेल्यांत या सदरात बसवता येईल असं माणूस मला धरून एकच होतं. एवढ्या मोठ्या वर्गात एका मुलीची फाक दोऱ्याएवढी दिसायला हवी. मी कलिंगडाच्या चांगल्या फोडीएवढी दिसत होते. वर्तुळ काढलं होतं आमच्या संख्याशास्त्राच्या सरांनी. पहिल्या तासाला त्यांनीच आम्हाला आकृत्या खोटं कशा बोलतात ते फळ्यावर काढून दाखवलं होतं. आपण शिकवतो ते मनापासून वापरणारा दुसरा माणूस मी त्या कॉलेजात पाहिला नाही.

मला कॉलेजकडून हवी होती फक्त वसतिगृहातली एक खाट. ती का हवी होती ते सांगितल्याशिवाय मी फाक कशी झाले ते कळणार नाही.

आमचं गाव विट्यापासून बरंच आत. गावातल्या अर्ध्या बंगल्यांना बारा महिने कुलूप असतं, कारण माणसं गलाईच्या धंद्यात. जुनं सोनं भट्टीत वितळवायचं, तेजाबात शुद्ध करायचं आणि सोनाराला परत द्यायचं. हे दुकान देशात कुठेही असू शकतं. पप्पांचं सेलमला आहे. मी तिथेच वाढले. शाळा इंग्लिश मीडियम, बाजार तमिळ, घरात विट्याची मराठी. सेलममध्ये आम्हाला ‘सेट्टु’ म्हणतात, म्हणजे उत्तरेकडून कुठून तरी आलेला दुकानदार. मी ‘सेट्टु पोण्णु’, सेट्टुची पोरगी. शाळेत मी फारसं बोलत नसे आणि कुणी ते मनावरही घेत नसे. बारावी झाल्यावर पप्पा म्हणाले, आता कॉलेज आपल्याकडे. आपल्याकडे म्हणजे सांगलीला. राहायचं गावी काकींकडे आणि एसटीनं रोज जाऊन-येऊन करायचं.

काकींकडे राहायचं म्हणजे काय, ते पहिल्याच रविवारी कळलं. हातात पोह्यांचा ट्रे आला.

आमच्यात मुलगा काय शिकला ते विचारत नाहीत. ‘दुकान कुठं?’ एवढंच विचारतात. दुकान मदुराईला, दुकान बनारसला, दुकान राजमुंद्रीला. स्थळ शेजारच्या गावातलं असतं आणि नांदायला जायचं असतं देशाच्या दुसऱ्या टोकाला. त्या रविवारचं दुकान बनारसचं होतं. मुलाची आई म्हणाली, “विंग्लिश मीडियमची हाय म्हनं. बोलून दाव की कायतरी.” मला दुसरं काही सुचेना म्हणून मी शाळेतली प्रतिज्ञा म्हणायला लागले. सगळे भारतीय माझे बांधव आहेत, असं मी त्या मुलाला इंग्रजीतून सांगितलं आणि तो समाधानानं मान डोलावत राहिला.

पाहुणे गेल्यावर काकी म्हणाल्या, “आगं, बघून घ्यायला काय जातंय? पसंत न्हाई तर न्हाई. पर पसंत पडायला तरी काय हरकत हाय?”

सोमवारी मी वसतिगृहाच्या रेक्टर मॅडमसमोर उभी होते. त्यांनी माझा पत्ता वाचला.

“विटा? विट्याच्या गाड्या कितीतरी आहेत. वेटिंगला टाकते.”

“मॅडम, गाव विट्याच्या आत आहे. एसटी बदलावी लागते.”

“मग लवकर उठायचं,” मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या मुलीला हात केला.

दोन रविवार आणखी गेले. मी पहाटेची गाडी धरून कॉलेजला जाई आणि शेवटच्या तासाला घड्याळाकडे बघत बसे. पप्पांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, “बाळा, काकी तुझ्या भल्याचंच बघत्यात.” ते ज्या सुरात सांगत होते, त्यावरून बनारसला होकार कळवायला फार दिवस लागले नसते.

याच सुमारास प्राचार्यांना क्लास प्रोफाइल सापडलं. परदेशातली विद्यापीठं दर वर्षी नव्या मुलांची अशी एक चकचकीत माहिती छापतात, ती त्यांनी कुणाच्या तरी मोबाइलवर बघितली. किती देशांतून मुलं आली, सरासरी गुण किती, किती जण वाद्यं वाजवतात, किती जणांनी काही संस्था काढली. दिवाळीनंतर कॉलेजचं मूल्यांकन करायला समिती येणार होती. प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं, आपलंही असंच पाहिजे.

सर त्यासाठीचे अर्ज घेऊन वर्गात आले. “वडिलांचा व्यवसाय,” ते म्हणाले, “ज्यांच्या नावावर गुंठाभर तरी जमीन आहे त्यांनी शेती लिहा.”

सगळ्यांनी शेती लिहिली. सरांनी सांगितलं म्हणून लिहिली असंही नाही; आमच्याकडे शेतीच लिहितात. सांगलीतल्या हळदीच्या पेढीवाल्या जैन घरातली मुलगी माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तिला रोज कार सोडायला यायची, तिनंही शेती लिहिलं. ज्याच्या वडिलांचे चार ट्रक होते त्यानं शेती. मीही शेती. गावी आमची द्राक्षबाग आहे, ती दुसरे लोक करतात आणि पप्पा वर्षातून एकदा जत्रेला येतात तेव्हा तिच्यात उभे राहून फोटो काढतात. प्रोफाइलमध्ये आमचा अख्खा वर्ग ‘ग्रामीण शेतकरी कुटुंबांतील’ निघाला. कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या बुलेट बहुधा बैलांनी ओढत आणल्या असाव्यात.

बाकीची सदरंही याच गुणवत्तेची होती. ‘वाद्य वाजवणारे’ या सदरात जत्रेत हलगी बडवणारे सगळे आले, आणि लग्नाच्या वरातीत एकदा ताशा हातात घेतलेला एक. ‘बहुभाषिक’मध्ये अख्खा वर्ग, कारण मराठी, हिंदी आणि इंग्रजी सगळ्यांना येतं असं धरलेलं. तिसऱ्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची वेळ आली की याच वर्गात माना खाली जात. ‘नेतृत्वगुण’ या सदराखाली शाळेत मॉनिटर असलेले. ‘उद्योजकता’ म्हणजे काय ते कुणालाच कळलं नाही, तेव्हा सर म्हणाले, घरची म्हैस असेल तर लिहा, दूध विकता ना? सगळ्या टक्क्यांची बेरीज केली तर ती शंभराच्या बरीच पुढे जात होती. मी तास संपल्यावर हळूच विचारलं. सर म्हणाले, “ते राउंडिंग.”

तेव्हाच त्यांनी माझा अर्ज नीट पाहिला.

“बारावी तमिळनाडूतून?”

“हो सर.”

“आणि गप्प बसून राहिलीस होय इतके दिवस!” त्यांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा झाला. “अगं, इतर राज्यांचं सदर रिकामं होतं माझं. पत्ता सेलमचा लिही.”

“सर, मी विट्याकडचीच आहे. वसतिगृहात वेटिंगला आहे.”

“इतर राज्यातल्या मुलीला वेटिंग कसं असेल?” सर म्हणाले. “मी बोलतो मॅडमशी.”

संध्याकाळी मला खाट मिळाली. ज्या मॅडमना माझ्या गावाची एसटी पाठ होती, त्यांनीच मला विचारलं, “इतक्या लांबून आलीस, घरची आठवण येत असेल ना?” मी मान हलवली. अशा प्रश्नाला दुसरं काही करता येत नाही.

खोलीतली सोबतीण मेढ्याची होती. वडील सैन्यात, भाऊ भरतीच्या तयारीत, डोंगरातल्या घरासमोर नवी गाडी. प्रोफाइलमध्ये ती ‘दुर्गम डोंगरी भागातील’ होती, शिवाय ‘संरक्षण दलातील कुटुंब’ होती आणि अर्थातच ‘शेतकरी’ होती. एकाच मुलीची तीन माणसं केली होती.

“आगं, तू मद्रासची म्हनं?” तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. “मग मराठी कशी काय बोलतीस?”

“विट्याची आहे मी.”

“आन् मद्रासची?”

“तीपण.”

“लय भारी,” ती म्हणाली. “मी दुर्गम हाय. गाडीतनं उतरले की दुर्गम.” तेव्हापासून ती मला मद्रासच म्हणायची. त्या कॉलेजात मला मनापासून आवडलेलं माणूस तीच, कारण स्वतःच्या आकड्यावर हसणारी ती एकटीच होती.

रविवारी काकींचा फोन यायचा. मी सांगायची, वसतिगृहातून सुट्टी मिळत नाही. ते खरंही होतं, मी मागितलीच नव्हती.

समिती यायच्या आठवड्यात सर खोलीपर्यंत आले आणि रेक्टर मॅडमना बाहेर बोलावून कुजबुजले. मग मॅडमनी त्यांची स्वतःची कांजीवरम साडी आणली, सांगलीतच सवलतीत घेतलेली.

“तुमच्याकडचा पारंपरिक पोशाख,” सर म्हणाले.

“सर, सेलममध्ये मुली कॉलेजला चुडीदार घालूनच जातात.”

“ते समितीला कशाला सांगायचं?”

“केसात भरपूर गजरा पाहिजे,” मॅडम म्हणाल्या. “आणि कपाळाला ते भस्म लावतात ना गं तुमच्यात?”

“आमच्यात कुंकू लावतात मॅडम. तुमच्यासारखंच.”

मॅडम थोड्या नाराज झाल्या. सोबतिणीला घोंगडं घेऊन उभं करायचं चाललं होतं. ती म्हणाली, घोंगडं घरात आजोबांच्या खाटंवर हाय, आणायला गाडी पाठवा. तेवढं मात्र रद्द झालं.

समितीत तिघे होते. प्राचार्य पुढे, सर मागे, मॅडम बाजूला, असे सगळे सेमिनार हॉलमध्ये शिरले. पडद्यावर आमचं वर्तुळ फिरत होतं. सरांनी ते फिरतं केलं होतं. फिरता फिरता हिरवी फाक वर आली आणि प्राचार्यांनी इंग्रजीत सांगितलं की अगदी तमिळनाडूपासून विद्यार्थी आमच्याकडे ओढले जातात. ओढली गेलेली मी गजऱ्याच्या ओझ्यानं मान अवघडून उभी होते.

समितीतले सगळ्यात वयस्कर गृहस्थ पुढे आले. कपाळावर भस्माची बारीक रेघ. मॅडमनी माझ्याकडे ‘बघ, सांगत होते ना’ अशा नजरेनं पाहिलं.

“एंद ऊरु?” त्यांनी विचारलं. कुठलं गाव?

आता काय होईल या काळजीनं सरांच्या हातातला रिमोट दाबला गेला आणि वर्तुळ थांबलं. मला मात्र बरं वाटलं. इंग्रजीत मी शाळेत गप्प बसायला शिकले आणि मराठीत घरात. तमिळ मी भाजीबाजारात शिकले होते, आईच्या वतीनं भांडता भांडता. त्या भाषेत मला लाजायची सवयच नव्हती.

मी सेलम सांगितलं. त्यांनी पेठ विचारली, मी सोनारांची गल्ली सांगितली.

ते माझ्याकडे बारकाईनं बघून म्हणाले, “सेट्टु पोण्णा?”

“हो,” मी म्हणाले. आणि मग सगळंच सांगून टाकलं, त्या भाषेत, त्या सगळ्यांच्या देखत. आमचं गाव इथून एसटीनं जाण्यासारखं आहे. ही साडी त्या तिथे उभ्या असलेल्या बाईंची आहे. भस्म लावायचं होतं पण मी लावलं नाही. मी इतर राज्यातली झाले की मला वसतिगृहात खाट मिळते आणि खाट मिळाली नाही तर घरचे लग्न लावून देतील. त्या पडद्यावरची हिरवी फाक मी आहे, पण मी एवढी जाड नाही.

ते मोठ्यानं हसले. अगदी पोट धरून. प्राचार्यही हसले. सरही हसले. का हसायचं ते कुणाला माहीत नव्हतं, पण समिती हसल्यावर हसायचं असतं.

मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी करेल. निदान वहीत काही लिहील. ते डोळे पुसत तमिळमध्ये म्हणाले, “आमच्या कॉलेजातही एक काश्मीरचा ठेवलेला आहे. दर समितीला फेटा बांधून उभा करतो.” मग त्यांनी विचारलं की या गावात बरी फिल्टर कॉफी कुठे मिळते. मिळत नाही, असं मी सांगितलं. त्यांना त्याचं मात्र खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. “नल्ला पडिम्मा,” ते म्हणाले, नीट शीक बाळ, आणि पुढच्या सदराकडे वळले.

इतकंच झालं. मी आयुष्यात पहिल्यांदा भरसभेत खरं बोलले होते आणि ऐकणाऱ्याला कॉफी हवी होती.

समिती गेली आणि चार-पाच दिवसांत रेक्टर मॅडम खोलीत आल्या. साडी मी धुऊन, इस्त्री करून परत केलेली होती. त्यांनी दारातूनच सांगितलं, “हे बघ, समितीचं काम झालं आता. तू तर काय विट्याचीच. शिरवळच्या एका संचालकांची भाची येतेय, तिला खाट द्यायची आहे. या महिन्याअखेर सोड.”

सोबतीण म्हणाली, “आवं मॅडम, शिरवळवरनं पन गाड्या हायत की.”

“तू मध्ये बोलू नको.”

माझ्या डोळ्यांसमोर काकींचं घर दिसायला लागलं, ट्रे दिसायला लागला. मी खाटेखालची बॅग ओढली, पण ती उघडावी की नको तेही सुचेना.

मॅडम निघाल्या आणि चौकटीत थांबल्या. गेले चार दिवस त्यांना जे खात असावं ते त्यांनी अखेर विचारलं.

“ते पाहुणे एवढे का हसले गं? काय सांगत होतीस तू त्यांना?”

“त्यांनी विचारलं, ते सांगितलं.”

“काय विचारलं?”

“कुठली आहेस. कुठे राहतेस.”

“मग तू काय सांगितलंस?”

“जे आहे ते.”

मॅडमचा हात चौकटीवर होता, तो खाली आला. “खोलीचं?”

“हो मॅडम. खोलीचंही.”

त्या गेल्या. अर्ध्या तासात संख्याशास्त्राचे सर आले, मागून मॅडम. सरांनी तोच प्रश्न विचारला आणि मी तीच उत्तरं दिली. एक शब्दही मी वाढवला नाही. मला कुणाला घाबरवायचं नव्हतं. त्यांना घाबरायला माझी गरजच नव्हती. त्या हॉलमध्ये आपण काय काय मांडून ठेवलं होतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मला फक्त कॉफीचं सांगायचं नव्हतं, आणि ते कुणी विचारलंही नाही.

सर मॅडमना म्हणाले, “अहवाल अजून आलेला नाही.” मग माझ्याकडे वळून, कधी नव्हे इतक्या गोड आवाजात, “तू राहा बाळ. काही लागलं तर सांग.”

संचालकांच्या भाचीला वरच्या मजल्यावर खाट मिळाली. ती खाट आधीपासून रिकामीच होती.

अहवाल आला. त्यात विद्यार्थ्यांच्या प्रादेशिक विविधतेबद्दल समाधान व्यक्त केलेलं होतं. प्राचार्यांनी ते वाक्य मोठं करून जुन्या फ्लेक्सशेजारी लावलं. मॅडम त्यानंतरही मला खोलीबद्दल काही बोलल्या नाहीत. एकदा माझ्यावरचा त्यांचा विश्वास उडाला, तो अहवालानं परत आला नसावा. कॉलेजच्या दारातून जाताना मी मान खाली घालते, पण लाजून नाही. हसू येतं म्हणून.

रविवारी सवयीप्रमाणे काकींचा फोन आला.

“कवा येतीस? मानसं थांबून हायत.”

“काकी, कॉलेजच्या हिशेबात मी लांबची आहे. तमिळनाडूची. सारखं यायला जमत नाही.”

काकी जरा थांबल्या. मला वाटलं, चिडल्या. त्या विचार करत होत्या.

“मंग तिकडचाच एक हाय की,” त्या म्हणाल्या. “दुकान कोईमतूरला. लांबच्या पोरीला बरा पडंल.”

मी फोन बंद केला आणि उठून आतून कडी लावली. थोड्या वेळानं कुणीतरी दार बडवायला लागलं.

“उघड की गं मद्रास! माझा टॉवेल आत ऱ्हायलाय.”

तिच्यासाठी उघडलं आणि परत लावलं.